माणूस जाणारच आहे, असं धरून माणूस घ्या



वर्गात आणि फोनवर मी एक तक्रार इतक्या वेळा ऐकलीय, की समोरच्याने "सर, एक अडचण आहे" म्हटलं की पुढचं वाक्य आता मीच पूर्ण करतो. "माणूस शिकवला, हाताशी आला आणि गेला." वर्कशॉपवाल्याचा सीएनसी ऑपरेटर जातो. पार्लरवाल्या ताईंची मुलगी जाते आणि पुढच्या गल्लीत स्वतःचं पार्लर टाकते. हॉटेलवाल्याचा वस्ताद दिवाळीला गावी जातो, तो परत येतच नाही. मग सगळ्यांचा प्रश्न एकच: "सर, माणूस टिकवायचा कसा?"

आज माझं मत सरळ सांगतो. छोट्या व्यवसायासाठी हा प्रश्न अर्धा चुकलेला आहे. चांगला माणूस तुमच्याकडून जाणार, कारण तो चांगला आहे. मोठी कंपनी जास्त पगार देणार, पीएफ देणार, घरच्यांना सांगायला मोठं नाव देणार. त्या शर्यतीत तुम्ही जिंकणार नाही. म्हणून विचारायचं ते हे: तो असेपर्यंत दोघांचं किती भलं झालं, आणि तो गेल्यावर तुमच्याकडे काय उरलं?

हे मला कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकाने पटवलं नाही. मोटरसायकल रेसिंगने पटवलं. हसू नका, पुढे वाचा.

छोटी टीम म्हणजे तुम्हीच

मोटोजीपी ही मोटरसायकल रेसिंगची सगळ्यात वरची पायरी. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तिची भारतातली पहिली रेस झाली, तेव्हा आपल्याकडेही बऱ्याच जणांनी ती पहिल्यांदा पाहिली. त्यात ११ टीम असतात, प्रत्येकीचे दोन रायडर. म्हणजे सगळ्या जगात फक्त २२ खुर्च्या.

या टीम दोन प्रकारच्या. एक फॅक्टरी टीम, म्हणजे डुकाटी, होंडा, यामाहा अशा कंपन्यांच्या स्वतःच्या. दुसऱ्या इंडिपेंडंट टीम. त्यांच्याकडे स्वतःची गाडी बनवायचा कारखाना नसतो. त्या कंपनीकडून गाडी भाड्याने घेतात, आणि बरेचदा ती मागच्या वर्षीची असते. स्पॉन्सर स्वतः शोधायचे, खर्च स्वतः भागवायचा. आणि त्यांचा एखादा रायडर चमकला, की फॅक्टरी टीम त्याला उचलून नेते. अगदी उघडपणे.

ओळखीचं वाटतंय ना? भाड्याचा गाळा, हप्त्यावरची मशीन, आणि तयार झालेला माणूस समोरचा घेऊन जाणार. तरीही या टीम जगतात आणि जिंकतात. कशा, ते एका टीमवरून पाहू.

ग्रेसिनीची गोष्ट

इटलीतल्या फाएंझा या गावातली ग्रेसिनी रेसिंग. फाउस्तो ग्रेसिनी हे १२५ सीसीचे दोन वेळचे विश्वविजेते, १९८५ आणि १९८७ चे. निवृत्तीनंतर त्यांनी १९९७ मध्ये स्वतःची टीम काढली. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी कोरोनाने ते गेले. वय ६०. मागे पत्नी नादिया पादोवानी आणि चार मुलं. टीमची जबाबदारी नादियाताईंनी घेतली. मालक गेल्यावर "आता गाळा विकून टाका" म्हणणारे नातेवाईक आपल्याकडे कमी नसतात, तेव्हा या निर्णयाचं वजन तुम्हाला वेगळं सांगायला नको.

२०२२ मध्ये टीम डुकाटीच्या आदल्या वर्षीच्या गाड्या घेऊन उतरली. रायडर दोन: एनेआ बास्तियानिनी आणि फाबियो डी जियानान्तोनिओ. दोघेही पूर्वी खालच्या गटात याच टीमकडून चालवून गेलेले. म्हणजे घरची ओळख. आणि वर्षाची पहिलीच रेस, कतारची, बास्तियानिनीने जिंकली. त्या मोसमात त्याने चार रेस जिंकल्या आणि तो जगात तिसरा आला. मग काय झालं? जे होणार होतं तेच. २०२३ साठी डुकाटीच्या फॅक्टरी टीमने त्याला नेलं.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं? मालक आठ दिवस बोलत नाही, शेवटचा हिशेब लांबवतो, आणि बाजारात सांगत सुटतो की "पोरगं कृतघ्न निघालं." ग्रेसिनीने पुढचा माणूस शोधला. आता त्यांनी कोणाला शोधलं, ते नीट बघा.

माणूस खराब होता की गाडी?

त्यांनी ॲलेक्स मार्केझला घेतलं. ॲलेक्स मोटो३ आणि मोटो२ या खालच्या दोन्ही गटांचा विश्वविजेता. पण मोटोजीपीत त्याची ओळख काय? "मार्क मार्केझचा धाकटा भाऊ." २०२० मध्ये पहिली रेस चालवायच्या आधीच, पुढच्या वर्षी फॅक्टरी टीममध्ये तुला जागा नाही, हे त्याला कळलं होतं. पुढची दोन वर्षं होंडाच्या दुसऱ्या टीममध्ये त्याला एकदाही पहिल्या तिनात येता आलं नाही. २०२२ मध्ये तो सतरावा होता.

असा बायोडेटा तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही काय केलं असतं? बाजूला सारला असता. ग्रेसिनीने घेतला. २०२३ च्या दुसऱ्याच रेसला, अर्जेंटिनात, तो तिसरा आला. एप्रिल २०२५ मध्ये हेरेसला त्याने पहिली मोटोजीपी रेस जिंकली. आणि २०२५ चा मोसम संपला तेव्हा तो जगात दुसरा होता.

यातून मी शिकलो ते हे. माणसाचं मागचं काम बघताना, त्याला तेव्हा गाडी कोणती मिळाली होती हेही बघा. जुन्या दुकानात त्याची विक्री पडली, पण माल होता का? फिटरकडून जॉब रिजेक्ट झाले, पण मशीनचं मेंटेनन्स कधी झालं होतं? वाईट मशीनवर दोन वर्षं तग धरून बसलेला माणूस कधी कधी सोनं असतो. आणि छोट्या व्यवसायाला परवडतो तो असाच माणूस, कारण मोठ्यांनी त्याच्या कागदावर आधीच फुली मारलेली असते.

मोठं नाव छोट्या दारात का येतं?

आता मोठा भाऊ. मार्क मार्केझ. होंडावर २०१३ ते २०१९ मध्ये मोटोजीपीची सहा विजेतेपदं. जुलै २०२० मध्ये हेरेसला पडला आणि दंडाचं हाड मोडलं. त्यावर एकूण चार शस्त्रक्रिया झाल्या. तोवर होंडाची गाडीही मागे पडली होती. २०२३ मध्ये हा माणूस चौदावा आला. करार २०२४ पर्यंतचा होता. तो त्याने एक वर्ष आधी सोडला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रेसिनीशी फक्त एका वर्षाचा करार केला.

एवढा मोठा माणूस, आणि मागच्या वर्षीची गाडी देणारी छोटी टीम. कशासाठी? त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: मी अजून जिंकू शकतो का? ते उत्तर चांगल्या गाडीवर बसल्याशिवाय मिळणार नव्हतं, आणि ग्रेसिनीकडे ती गाडी होती. शिवाय भाऊ आधीच तिथे होता. टीम कशी, माणसं कशी, गाडी कशी, ही माहिती घरातच.

दोन गोष्टी इथे लिहून ठेवा. एक, तुमची सगळ्यात चांगली भरती जाहिरातीतून होत नाही. आज तुमच्याकडे असलेला माणूस घरी गेल्यावर तुमच्याबद्दल काय बोलतो, त्यातून होते. दोन, पगारात मोठ्यांशी झुंजायचं नाही. समोरच्याला पगाराखेरीज काय हवंय ते शोधायचं. कुणाला वेळेवर घरी जायचं असतं, कुणाला पाच वर्षांच्या गॅपनंतर पुन्हा सुरुवात करायची असते, कुणाला अख्खी मशीन स्वतःच्या हाताने चालवायची असते. हे देणं तुमच्या हातात आहे.

मार्कचं पुढे काय झालं? १ सप्टेंबर २०२४ रोजी अरागॉनला तो जिंकला, १,०४३ दिवसांनी. त्या वर्षी तीन रेस जिंकल्या, जगात तिसरा आला. आणि गेला, डुकाटीच्या फॅक्टरी टीममध्ये. तिथे २०२५ मध्ये पुन्हा विश्वविजेता झाला. ग्रेसिनीला एक वर्ष मिळालं. पण त्या एका वर्षात सगळ्या जगाने टीमचं नाव वाचलं.

आणि एक बारीक गोष्ट. होंडातला मार्केझचा अख्खा ताफा इकडे आला नाही. ग्रेसिनीतलाच क्रू चीफ फ्रँकी कार्केडी त्याला मिळाला. हा कार्केडी २०२० मध्ये सुझुकीवर जोआन मीरसोबत विश्वविजेता झालेला माणूस. २०२३ ला त्याने डी जियानान्तोनिओची गाडी सांभाळली, २०२४ ला मार्केझची, २०२५ ला फेर्मिन आल्देगेर या नव्या पोराची. त्या पोराने पहिल्याच वर्षी इंडोनेशियाची रेस जिंकली. रायडर बदलले, गाडीजवळ उभा राहणारा माणूस तोच राहिला. हे लक्षात ठेवा, शेवटी याच्याकडे परत येणार आहे.

ज्याची खुर्ची गेली त्याचं काय?

इथपर्यंत गोष्ट गोड वाटते. पण मार्क आला म्हणजे कुणीतरी गेला. खुर्च्या दोनच. गेला तो डी जियानान्तोनिओ, टीमच्याच तालमीत वाढलेला मुलगा. मार्केझची घोषणा झाल्यावर काही दिवसांतच ऑस्ट्रेलियात तो तिसरा आला, मोटोजीपीत पहिल्यांदाच पहिल्या तिनात. आणि नोव्हेंबरमध्ये कतारची रेस त्याने जिंकली, त्याच ग्रेसिनीच्या गाडीवर. नशिबाने त्याला दुसऱ्या टीममध्ये जागा मिळाली: मार्केझची होंडातली खुर्ची लुका मारिनीने घेतली, आणि मारिनीची रिकामी झालेली याला मिळाली.

ग्रेसिनी चुकली का? व्यवसाय म्हणून बघितलं तर सहा वेळचा विजेता दारात उभा असताना कोण नाही म्हणेल? तरी मला ही गोष्ट बोचते, आणि तुम्हालाही बोचावी. शिकायला दोन वर्षं लागणारा माणूस आपण बरोबर पिकायच्या वेळी काढतो. बाहेरून मोठ्या नावाचा सेल्समन येतोय म्हणून दुकानातल्या जुन्या पोराला बाजूला करण्याआधी एकदा हा हिशेब मांडा: नव्याचा गवगवा किती आणि जुन्याचा पिकायला आलेला फायदा किती? आणि काढायचंच असेल तर त्याला लवकर सांगा, तोंडावर सांगा, आणि शेवटच्या दिवसापर्यंत चांगली गाडी द्या. डी जियानान्तोनिओ ती रेस जिंकू शकला, कारण जाणाऱ्या माणसाची गाडी कुणी ढिली केली नव्हती.

मोठ्या नावाची दुसरी बाजूही सांगतो. पेट्रोनास सेपांग ही मलेशियाची टीम. २०१९ मध्ये मोटोजीपीत आली तीच फाबियो क्वार्टारारो या १९ वर्षांच्या मुलाला घेऊन. मोटो२ मध्ये त्याच्या नावावर एकच विजय होता. चौथ्याच रेसला त्याने पोल पोझिशन मिळवली. २०२० मध्ये त्याने तीन आणि त्याचा जोडीदार फ्रँको मॉर्बिदेल्लीने तीन, अशा १४ पैकी ६ रेस या टीमने जिंकल्या. मग क्वार्टारारोला यामाहाच्या फॅक्टरी टीमने नेलं, आणि त्याच्या जागी यामाहाच्या करारावर आला साक्षात व्हॅलेंटिनो रॉसी. नऊ विजेतेपदं, वय ४२. तो मोसमात अठरावा आला आणि निवृत्त झाला. टीमला त्या वर्षी एकही विजय नाही, आणि वर्षाअखेर पेट्रोनासनेही हात काढून घेतला.

दोष रॉसीचा नाही. पण मार्केझ आणि रॉसी या दोन मोठ्या नावांतला फरक बघा. एकाला स्वतःला अजून काहीतरी सिद्ध करायचं होतं. दुसऱ्याचं सगळं सिद्ध करून झालं होतं. माणूस घेताना नाव किती मोठं यापेक्षा भूक किती शिल्लक आहे, ते बघा.

माझी चूक

आता माझ्याबद्दल. काही वर्षांपूर्वी मी एका व्हिडिओत सांगितलं होतं की नवीन माणूस घेताना पहिला पगार हातचा ठेवा आणि ओरिजिनल मार्कशीट कपाटात ठेवून घ्या, म्हणजे माणूस पळत नाही. तो व्हिडिओ मी काढून टाकला. का, ते सांगतो.

एका फॅब्रिकेशनवाल्या मित्राने तो सल्ला तंतोतंत पाळला. त्याच्याकडच्या आयटीआय झालेल्या मुलाला मोठ्या कंपनीतून मुलाखतीला बोलावणं आलं. ओरिजिनल मार्कशीट दाखवायची होती, ती मालकाच्या कपाटात. मागायची हिंमत झाली नाही. मुलगा गेला नाही. मालकाने मला आनंदाने फोन केला, "सर, तुमची युक्ती चालली, पोरगा थांबला!" आणि मीही खूश झालो. सहा महिन्यांनी तो मुलगा अडकलेला पगार न मागता निघून गेला. त्यानंतर त्याच्या गावातलं एकही आयटीआयचं पोरगं त्या शेडवर कामाला आलं नाही. त्या मुलाची ती मुलाखत कुणी परत आणून देणार नाही. त्यात माझा वाटा आहे, आणि तो मला मान्य आहे.

कायद्याचंही ऐका. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७. माणूस सोडून गेल्यावर "आमच्या धंद्यात दुसरीकडे काम करायचं नाही" असं लिहून घेतलेला कागद कोर्टात टिकत नाही. प्रशिक्षणावर खरंच खर्च केला असेल तर त्याचा वाजवी बाँड हा वेगळा विषय, तो वकिलाला विचारून करा. पण धाक दाखवून बांधून ठेवणं म्हणजे धंदा नव्हे.

"पण सर, गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर जातं!"

हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. आणि तो खरा आहे. त्यावर माझा उलट प्रश्न: गिऱ्हाइकाचा नंबर कुणाच्या मोबाइलमध्ये होता? मापाची वही, रेसिपी, मशीनचं सेटिंग, उधारीची यादी, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं की दुकानाच्या वहीत?

आठवा तो कार्केडी. रायडर बदलले तरी गाडीचं ज्ञान, माणसांची सवय, स्पॉन्सरशी नातं टीमकडेच राहिलं. तुमच्याकडे रायडर आहेत, क्रू चीफ नाही. बऱ्याच वेळा क्रू चीफ तुम्ही स्वतःच असायला हवं, आणि तुम्ही गल्ल्यावर बसून राहता.

"रेसिंगमध्ये लेखी करार असतो, आमच्याकडे कुठे?" हाही मुद्दा बरोबर. मग करा ना! दोन वर्षांचं बोलणं पहिल्याच दिवशी स्पष्ट करा. "तू इथे दोन वर्षं राहशील असं मी धरतो. पहिल्या वर्षी हे शिकवेन, दुसऱ्या वर्षी ही जबाबदारी देईन, पगार असा वाढेल. जायचं झालं तर दोन महिने आधी सांग, मी स्वतः तुला चांगलं पत्र देईन." एका पानावर लिहा, दोघांनी सही करा.

आणि जाणारा माणूस शेवटचे दोन महिने काम टाळतो, असंच असतं असं नाही. होर्हे मार्टिनने जून २०२४ मध्ये एप्रिलियाशी करार केला होता. सगळ्यांना माहीत होतं की तो जाणार. तरी त्याच वर्षी प्रामाक या इंडिपेंडंट टीमकडून, डुकाटीच्या गाडीवर, तो विश्वविजेता झाला. २००२ मध्ये मोटोजीपी नावाने हा गट सुरू झाल्यापासून इंडिपेंडंट टीमचा रायडर जिंकण्याची ती पहिलीच वेळ. तो जाणार हे डुकाटीला ठाऊक होतं, तरी गाडी त्याला चालू वर्षाचीच होती. जाणाऱ्याला जुनं हत्यार देऊन बघा आणि चांगलं देऊन बघा. फरक तुमच्याच गल्ल्यात दिसेल.

या आठवड्याचं काम

एक कागद घ्या. तुमच्याकडच्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहा. हा इथून पुढे कुठे जाऊ शकतो? तो उद्या गेला तर काय अडेल? आणि पगार सोडून त्याला माझ्याकडून काय हवंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर अंदाज लिहू नका. चहा पाजा आणि विचारा.

मग दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातली एक गोष्ट, फक्त एक, त्या माणसाकडून शिकून वहीत उतरवा. त्याच्या समोर, त्याला सांगून. दर आठवड्याला एक. वर्षभरात ५२ गोष्टी तुमच्या व्यवसायाच्या होतील.

आणि कुणाची मार्कशीट कपाटात असेल, तर ती आजच परत करा. त्यासाठी सोमवारची वाट बघू नका.

तुमचा माणूस उद्या मोठ्या कंपनीत गेला आणि तिथे त्याला कुणी विचारलं, "काम कुठे शिकलास?", तेव्हा त्याने तुमचं नाव अभिमानाने घ्यावं, असं त्याला वागवा. पुढचा चांगला मुलगा तेच नाव विचारत तुमच्या दारात येईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत.